मला आठ आणि नऊ वाचता येत नव्हते

मी एक जुना तुकडा आहे. कशाचा, असे तुम्ही विचाराल. कापडाचा असतो तर सांगायला सोपे गेले असते. मी कोडचा तुकडा आहे, सी भाषेत लिहिलेला, सतरा ओळींचा. मला रंग नाही, वजन नाही, आणि आजवर कोणी मला फडक्याने पुसलेले नाही. तरीही मित्रांनो, माझी कहाणी ऐका. माझ्यामुळे एका चांगल्या माणसाचे दुकान बंद पडायची वेळ आली होती, आणि मी मात्र कित्येक महिने स्वतःला अत्यंत कर्तव्यदक्ष समजत होतो.

माझा मुक्काम डोळ्यांच्या एका इस्पितळात आहे. तळमजल्यावर नोंदणीची खिडकी, खिडकीमागे टेबल, टेबलावर संगणक आणि संगणकात मी. ऑपरेशनसाठी कोणी नाव नोंदवायला आले की खिडकीवरचा माणूस त्या दिवसाची तारीख टाइप करतो. तुम्हाला ती तारीख वाटते. संगणकाला ती नुसती अक्षरांची माळ दिसते. मार्च आधी की एप्रिल, एवढेही त्याला त्या माळेवरून सांगता येत नाही. म्हणून ती माळ माझ्या हाती देतात. मी तिच्यातले दिवस, महिना, वर्ष असे तीन मणी सुटे करतो. वर्षाला दहा हजारांनी गुणतो, महिन्याला शंभरांनी, दिवस आहे तसा ठेवतो, आणि सगळ्यांची बेरीज करून एक ठणठणीत पूर्णांक परत देतो. २३/०३/२०११ आत गेली की २०११०३२३ बाहेर. लहान आकडा आधीचा, मोठा नंतरचा. त्यावरून यादी लागते. ज्याने आधी नाव नोंदवले, त्याचा नंबर आधी.

आणि तारीख वाचता आली नाही तर? तर शून्य परत द्यायचे आणि गप्प बसायचे, असे मला शिकवले होते. शून्य आले की तो माणूस यादीच्या शेवटच्या पानावर जाई. त्या पानाचा मथळा होता ‘अर्ज अपूर्ण’.

मला लिहिले एका बाईंनी. इस्पितळात त्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. दोन गल्ल्या पलीकडे राहत, केसांत पेन्सिल खोचत आणि ती शोधत बसत. इस्पितळात येण्यापूर्वी त्या नळांच्या झडपा बनवणाऱ्या एका कारखान्यात होत्या. तिथल्या यंत्रांतून आकडे नाना वेशांत येत. कुठले दहाच्या हिशेबाचे, कुठले आठाच्या, कुठले सोळाच्या. तिथे बाईंना एक सवय लागली. आमच्या सी भाषेत अक्षरांतून आकडा वाचून देणारे एक वडीलधारे फंक्शन आहे. ते कामाला बसण्यापूर्वी विचारते, कितीच्या पायाने मोजू? दहा सांगितले तर ते दहाने मोजते. शून्य सांगितले तर त्याचा अर्थ, तुम्हीच बघून ठरवा. कारखान्यात ‘तुम्हीच ठरवा’ सोयीचे होते. बाईंनी मला लिहितानाही हाताच्या सवयीने तेच सांगितले.

मग माझी परीक्षा झाली. बाईंनी घरच्या सगळ्यांचे वाढदिवस मला वाचायला दिले. स्वतःचा, नवऱ्याचा, दोन्ही मुलींचा, सासूबाईंचा, एका आत्याचा. बारा नोव्हेंबर, तेवीस जानेवारी, तीस डिसेंबर, सतरा फेब्रुवारी. मी एकही चुकलो नाही. त्या घरात सगळ्यांनी थंडीतच जन्म घ्यायचा चंग बांधला होता, याला मी काय करणार? बाई खूश झाल्या आणि मला कामावर रुजू केले.

पुढची नऊ वर्षे सुखाची गेली. खिडकीवर तेव्हा एक ताई बसत. त्या तारीख लिहीत ती घाईघाईत, ९/४ नाहीतर ८/११, जशी तोंडाने बोलतो तशी. मी वाचत असे. कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मित्रांनो, फंक्शनच्या आयुष्यात याहून मोठी स्तुती नसते. ज्याचे नाव कोणाच्या तोंडी येत नाही, त्याचे बरे चालले आहे असे आमच्यात समजतात.

मग ताई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी टापटीप आले. हे त्यांचे खरे नाव नव्हे, पण पाळण्यात हेच ठेवले असते तर कोणाची हरकत नसती. ते टाचण्या आकारानुसार लावत. खोडरबराला डबी होती आणि डबीवर चिठ्ठी होती: ‘खोडरबर’. आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वरिष्ठांकडून एक परिपत्रक काढून घेतले. यापुढे सर्व तारखा दोन आकडी लिहाव्यात. नऊ नव्हे, शून्य नऊ. रकान्यात आकडे कसे एकाखाली एक, शिस्तीत उभे राहतात! टापटीप ती पाने पाहत आणि त्यांचे डोळे भरून येत.

इथून माझे ग्रह फिरले.

ते वडीलधारे फंक्शन आठवते ना? ‘तुम्हीच ठरवा’ म्हटल्यावर ते कसे ठरवते, हे आता सांगायला हवे. आकड्याच्या आरंभी शून्य दिसले की ते समजते, हा आठाच्या हिशेबाचा आकडा. त्या हिशेबात शून्यापासून सातापर्यंतच आकडे असतात. आठ आणि नऊ त्यात नाहीतच. ०१ ते ०७ ठीक चालते. दहा, अकरा, बारा यांच्या आरंभी शून्य नाही, तेही ठीक. पण ०९ आले की ते शून्य वाचते, पुढे नऊ बघते आणि हात आखडता घेते. मी पुढचा मणी सोडवायला जातो तो तिरप्या रेघेच्या जागी हा नऊ उभा. मी म्हणतो, तारीख बिघडलेली दिसते. मी शून्य परत देतो. गप्प बसतो. आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानात राहतो.

त्या वर्षी नऊ एप्रिलला खिडकीवर चावीवाले काका आले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचे किल्ल्या बनवायचे दुकान. दुकान म्हणजे दोन हात रुंदीचा गाळा, शिकंजा, कानशी, किल्ली घासायचे एक मशीन आणि भिंतभर कोऱ्या किल्ल्या. चाळीस वर्षांचा धंदा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्याने काहीच दिसत नव्हते आणि उजव्याने जे दिसे ते दुधातून पाहिल्यासारखे. सोबत काकी होत्या, आणि काकींना मात्र सगळे स्पष्ट दिसत असे, न दाखवलेलेही.

टापटीपांनी अर्ज भरून घेतला, तारीख घातली ०९/०४/२०११, आणि कार्ड दिले. जूनमध्ये एप्रिलच्या लोकांची ऑपरेशने सुरू झाली. सात एप्रिलचे झाले, दहाचे झाले, अकराचे झाले. काकांचे नाव शेवटच्या पानावर.

“तुमची तारीख नाहीये,” टापटीप म्हणाले.

“अहो, कार्डावर आहे की.”

“कार्डावर आहे. संगणकात नाही.”

“मग कार्डावरची बघून घाला.”

“घातली.”

“मग?”

“नाही म्हणतोय.”

“कोण?”

टापटीपांनी माझ्या यंत्राकडे बोट दाखवले. काकांना यंत्र दिसले नाही आणि बोटही दिसले नसावे. तरी त्यांनी त्या बाजूला पाहून आदराने मान हलवली. “मोठ्या माणसांपुढे आपण काय बोलणार,” ते म्हणाले.

अर्ज पुन्हा भरला. टापटीपांनी पुन्हा ०९ घातले, मी पुन्हा शून्य दिले. मग पुन्हा एकदा. माहितीच कमी पडत असणार, अशी काकांची समजूत झाली. दुसऱ्या खेपेला त्यांनी आजोबांचे नाव लिहवले, तिसऱ्या खेपेला रक्तगट आणि बुटाचे माप. टापटीप मनाने वाईट नव्हते. त्यांनी बुटाचे मापही दोन आकडी, सुवाच्य अक्षरात लिहून घेतले.

मला हे सगळे ऐकू येत होते. मला कान नाहीत खरे, पण टेबलावर राहणाऱ्याला काय ऐकू येत नाही? मी मनात म्हणे, काय हे लोक, एक साधी तारीख नीट आणता येत नाही. मी खोटे बोलत नव्हतो, मित्रांनो. मी चुकीचे बोलत होतो आणि ते मला खरे वाटत होते. अशा बोलण्याला जगात फार मान आहे.

जुलै सरत आला. एक ऑगस्टपासून ऑपरेशनची खोली दुरुस्तीसाठी चार महिने बंद राहायची होती. थोरल्या डॉक्टरीणबाईंनी काकांना स्पष्ट सांगितले होते, मोतीबिंदू पिकून कडक होत चाललाय, चार महिने थांबणं बरं नाही. आणि काकांनी स्वतःही एक मुदत घालून घेतली होती. त्यांचे मशीन एकाला हवे होते. जुलैच्या शेवटच्या यादीत नाव लागले नाही तर मशीन त्याला द्यायचे, गाळा रिकामा करायचा आणि लेकीच्या घरी जाऊन खिडकीत बसायचे. आठवडाभरापूर्वी त्यांनी एक किल्ली बोटांनी चाचपून घासली होती आणि गिऱ्हाईक दोन तासांनी ती परत घेऊन आले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ते कोणाला बोलले नव्हते, पण काकी बोलल्या, म्हणून मला कळले.

शेवटची यादी लागली त्या सकाळी दोघे आले. काकांचे नाव नव्हते. म्हणजे होते, शेवटच्या पानावर.

“चल,” काका म्हणाले. “राहू दे. नशिबात नसेल.”

“नशिबात नाही की यादीत नाही, ते आधी बघू,” काकी म्हणाल्या आणि खिडकीच्या कठड्यावर दोन्ही कोपरे टेकवून उभ्या राहिल्या. “साहेब, आमचा पहिला कागद काढा. एप्रिलचा. तुमच्या हातानं भरून घेतलाय तुम्ही. त्यावर तारीख नसली तर मी या पायऱ्या पुन्हा चढणार नाही.”

टापटीप उठले. कागद मागच्या लोखंडी कपाटात होते, तारीखवार. कपाटाला कुलूप होते. किल्ली टापटीपांनी नीट ठेवली होती. इतकी नीट, की कुठे ते आठवेना. त्यांनी टाचण्यांची डबी पाहिली, खोडरबराची पाहिली, ‘किल्ल्या’ अशी चिठ्ठी लावलेली डबीही पाहिली. तीत शाईची बाटली निघाली. टापटीपांचा चेहरा पार उतरला.

“काका,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला जमेल का हो?”

“अगं, तुझी हेअरपिन दे,” काका म्हणाले.

टापटीपांनी त्यांना हाताला धरून कपाटापाशी नेले. काकांनी कुलपावर गाल टेकवल्यासारखे केले, पिन आत सरकवली आणि डोळे मिटले. मिटले काय आणि उघडे काय, त्यांना सारखेच. एक, दोन, तीन वेळा हलकेसे खट् झाले आणि दार उघडले.

पहिलाच गठ्ठा एप्रिलचा. काकांचा कागद निघाला. तारीख स्वच्छ, शिस्तीत, शून्य नऊ.

“आहे की!” टापटीप थक्क झाले. “मग हा नाही का म्हणतो?”

कोणीही इथे यंत्राला दोन थपडा मारल्या असत्या. काका स्टुलावर बसले आणि धंद्याचे बोलू लागले. “साहेब, किल्ली लागेना की आम्ही कुलपाला शिव्या देत नाही. कुठल्या दात्याला अडतंय ते बघतो. या शेवटच्या पानावर मी एकटाच आहे का?”

“नाही, अकरा जण आहेत.”

“सगळ्यांचे कागद काढा. तारखा वाचा. नुसत्या तारखा.”

टापटीप एकेक कागद काढून वाचू लागले. “आठ एप्रिल. नऊ एप्रिल, हे तुम्ही. आठ मे. आठ मे. नऊ मे…”

“थांबा. सात कोणाची?”

“सात नाही.”

“दहा?”

“दहाही नाही. पुढे आठ जून, नऊ जून, आठ जुलै…” टापटीपांचा आवाज बसत गेला. “काका, सगळे आठ आणि नऊच आहेत.”

“बघा,” काका म्हणाले. “ह्याचे दोन दाते झिजलेत. बोलवा ज्यांनी घासलाय त्यांना.”

बाई पंधरा मिनिटांत आल्या, केसांत दोन पेन्सिली. नऊ वर्षांनी त्यांनी मला उघडले. वरून खाली वाचत आल्या आणि चौथ्या ओळीवर थांबल्या. मग कपाळाला हात लावला.

“बाई, माझं काही चुकलं का?” टापटीपांनी घाबरत विचारले. “परिपत्रक मीच काढायला लावलं.”

“तुम्ही घातलेलं शून्य बरोबर आहे हो. मी घातलेलं चुकलंय,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, म्हणजे पडद्याकडे, “आणि तू रे? चार महिने माणसं परत पाठवतोयस. एक शब्द बोलायचास तरी!”

मी काय बोलणार? मला बोलायला शिकवलेच नव्हते. बाईंनाही ते कळले असावे. चौथ्या ओळीतल्या शून्याआधी त्यांनी एक आकडा टाइप केला. एक. शून्याचे दहा झाले. ‘तुम्हीच ठरवा’ गेले आणि ‘दहाच्या पायाने मोजा’ आले. नऊ वर्षांच्या दुखण्यावर एवढाच उपचार. त्याला टाका नाही, पट्टी नाही.

“ऑगस्ट पाच दिवसांवर आलाय,” त्या टापटीपांना म्हणाल्या. “आठवा महिना. मग नववा. नोंदणी चालूच राहणार ना? एकही माणूस यादीत लागला नसता, अख्खे दोन महिने.” टापटीप खुर्चीत बसले.

यादी पुन्हा छापली. शेवटचे पान कोरे. पहिल्या पानावर आठ एप्रिलची एक आजी आणि तिच्याखाली काका. टापटीप ते पान घेऊन थोरल्या डॉक्टरीणबाईंकडे जिना चढत धावले. त्यांना धावताना इस्पितळात आधी कोणी पाहिलेच नव्हते.

“अकरा जास्तीचे?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खोली बंद व्हायला किती दिवस आहेत?”

“पाच.”

“आणि ही अकरा माणसं चार महिने आपल्याकडे तारीख मागत होती?”

टापटीपांनी मान खाली घातली.

“बरं. चहा जरा कडक करायला सांगा,” त्या म्हणाल्या आणि चष्मा चढवला.

इकडे खाली काका बाईंशी बोलत होते. “राग मानू नका बाई. पण कुलूप अडलं तर निदान खट् तरी वाजतं. कुठं अडलं ते हाताला कळतं. हा तुमचा मुकाट बसतो आणि वर तोंडाने शून्य सांगतो. ह्याला जरा वाजायला शिकवा.”

बाईंनी केसांतली एक पेन्सिल काढली आणि टेबलावर ठेवली. त्या दुपारी त्यांनी मला पाच ओळी वाढवून दिल्या. आता मला काही वाचता आले नाही तर मी माणसाला शेवटच्या पानावर पाठवत नाही. मी लाल अक्षरांत म्हणतो, ‘मला हे वाचता आले नाही’, आणि नेमका कुठला आकडा अडला तो दाखवतो. सतरा ओळींचा मी बावीस ओळींचा झालो. त्या पाच ओळींचा मला माझ्या सगळ्या पूर्णांकांपेक्षा अभिमान आहे.

काकांचा उजवा डोळा त्याच आठवड्यात झाला. मशीन हवे होते त्या माणसाला काकींनी परस्पर सांगितले की मशीन नादुरुस्त आहे. ते ठणठणीत होते. काका ऑगस्टच्या मध्याला दुकानात बसू लागले, आणि त्यांनी पहिली किल्ली घासली ती टापटीपांच्या कपाटाची.

डाव्या डोळ्यासाठी पुन्हा नाव नोंदवायचे होते. खोली बंद असली तरी नोंदणी चालू होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केव्हाही या. काकी म्हणाल्या, उद्याच जाऊ. काका ऐकेनात. तीन आठवडे थांबले आणि आले ते नेमके आठ सप्टेंबरला.

“आजच का?” टापटीपांनी विचारले, पण विचारता विचारताच त्यांना कळले आणि ते उठून उभे राहिले. बाईंना निरोप गेला. डॉक्टरीणबाई जिन्यावरून वाकून पाहू लागल्या. औषधांच्या खिडकीवरची बाई आपली खिडकी लावून आली.

“घाला तारीख,” काका म्हणाले. त्यांनी आता खुर्ची पडद्याजवळ ओढली होती आणि उजव्या डोळ्याने रोखून बघत होते. “बघू, दाते नीट बसलेत का.”

टापटीपांनी टाइप केले. शून्य आठ. तिरपी रेघ. शून्य नऊ. तिरपी रेघ. २०११. एकाच तारखेत माझे दोन्ही जुने वैरी. मित्रांनो, मला छाती नाही, पण तेव्हा असती तर धडधडली असती. मी पहिला मणी सोडवला. आठ. दुसरा सोडवला. नऊ. वर्षाला दहा हजारांनी गुणले, महिन्याला शंभरांनी, बेरीज केली आणि जपून, पडू न देता, बाहेर ठेवली.

२०११०९०८.

काका पुढे वाकले आणि पडद्यावरचा तो आकडा स्वतः, एकेक अंकावर बोट ठेवत, मोठ्याने वाचू लागले. शेवटच्या आठापर्यंत ते अडले नाहीत.

आता मी म्हातारा झालो. इस्पितळात नवी व्यवस्था आली आहे, तिचे काम दूर कुठल्या तरी मोठ्या यंत्रात चालते. मी एका जुन्या फोल्डरमध्ये पडून असतो. टापटीपांनी त्या फोल्डरला नाव दिले आहे, ‘जुने – पुसू नये’, आणि त्यांच्या सगळ्या टेबलात तेवढी एकच वस्तू बिनकामाची आहे.

माझे मागणे फार नाही. तुमच्यापैकी कोणी पुढे माझ्यासारखे तुकडे लिहिलेत, तर ते फक्त घरच्यांच्या वाढदिवसांवर तपासू नका, परक्यांच्याही तारखा घालून बघा. त्यांना गप्प बसायला शिकवू नका, कळले नाही तर कळले नाही असे म्हणायला शिकवा. आणि खिडकीपाशी उभा राहून कोणी सांगू लागला की माझी तारीख आहे हो, तर पडद्याकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या हातातले कार्ड एकदा वाचा.